सहावीच्या मुलांनी नगरपरिषदेत अर्ज दिला. चुकलं कुणाचं?

खडूफळा

तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत मी चौदा वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

सहावीला स्थानिक शासन संस्थांचे धडे आहेत. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, कोणाला काय अधिकार, पैसा कुठून येतो. मी दरवर्षी फळ्यावर तक्ता काढते आणि मुलं तो वहीत उतरवतात. यंदा तक्ता काढत असताना मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मुख्याधिकारी खरंच असतात का? म्हणजे त्यांना भेटता येतं?"

आमच्या शाळेच्या फाटकासमोर उघडं गटार आहे. पाऊस झाला की मुलं चपला हातात घेऊन आत येतात. पहिलीचं एक पोर दोनदा त्यात पडलंय. मी म्हटलं, भेटता येतं, आधी अर्ज लिहावा लागतो. दोन तास आम्ही अर्ज लिहिण्यात घालवले. प्रति, विषय, महोदय, आपले विश्वासू. सगळ्यांनी मिळून मजकूर ठरवला, २७ मुलांनी सह्या केल्या. शाळा सुटल्यावर चार मुलं आणि मी नगरपरिषदेत गेलो. आवक-जावकच्या टेबलावरचे गृहस्थ आधी म्हणाले, शाळेचं पत्र आणा. मुलीने विचारलं, "आम्ही या गावात राहतो, तरी पत्र लागतं का?" मग त्यांनी अर्ज घेतला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. ती पोच तिने घडी घालून कंपासपेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. त्या प्रभागाचे नगरसेवक आमच्या संस्थेच्या जवळचे, त्यांचा फोन आला होता. दोन पालकही येऊन गेले होते. मला लेखी खुलासा मागितलाय. पण खुलाशापेक्षा मला एक वाक्य लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आपल्याला चांगले नागरिक घडवायचेत, तक्रारखोर नाहीत."

घरी येऊन मी चाचणीचे पेपर काढले. "चांगल्या नागरिकाची कर्तव्ये लिहा" हा प्रश्न मीच घातला होता. दोन तुकड्यांचे साठेक पेपर. कर भरतो, कचरा कुंडीत टाकतो, राष्ट्रध्वजाचा मान राखतो, मतदान करतो, नियम पाळतो. सगळं बरोबर, मी पूर्ण गुण दिलेले. प्रश्न विचारतो, असं एकाही मुलाने लिहिलं नव्हतं. कारण मी ते कधी शिकवलंच नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा. विरोधी मतही हवंय.

सरळरेघ

बाई, तुम्ही केलंत ते योग्य केलंत. पोचेची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. एवढंच सांगायला आलो.

घंटा_साडेदहा

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून.

तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल मला शंका नाही. पण मुलं काय शिकली ते बघा. समोर गटार आहे, तर कुणाला तरी अर्ज करायचा. आमच्या शाळेत १९८० च्या आसपास अशीच गत होती. शाळेमागे ओढा आणि पावसाळ्यात रस्ता बंद. आम्ही अर्ज केला नाही. दर शनिवारी सकाळची कवायत झाली की आठवी ते दहावीची मुलं, शिक्षक आणि गावातले चार गवंडी मिळून दगड टाकत होतो. दोन पावसाळ्यांत ओढ्यावर फरशी, म्हणजे बुटका दगडी पूल, उभी राहिली आणि आजही ती तिथे आहे. त्या पोरांना कुणी नागरिकशास्त्र विचारलं तर ती ती फरशी दाखवतात. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, निवेदन नाही.

आपल्याकडे हक्क सगळ्यांना पाठ आहेत. कर्तव्य म्हटलं की तोंड वळतं. संविधानात मूलभूत कर्तव्यं आहेत ती उगाच नाहीत. आणि दुसरी गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. मुलांच्या सह्या पुढे करून मोठ्यांचं राजकारण खेळलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आज गटार आहे, उद्या संस्थेच्या निवडणुकीत कुणी तरी याच मुलांना फलक धरायला उभं करेल. मुख्याध्यापकाला ती भीती वाटते आणि ती खोटी नाही.

कोर्टपायरी

सर, कर्तव्यांबद्दल थोडं. मी वकिली करते म्हणून राहवत नाही.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं तेव्हा त्यात मूलभूत कर्तव्यं नव्हती. ती १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ क म्हणून आली. तेव्हा दहा होती. अकरावं, मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं, २००२ साली आलं. हक्कांसाठी थेट न्यायालयात जाता येतं. कर्तव्यांची तशी थेट अंमलबजावणी न्यायालयातून होत नाही. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. पण कर्तव्य आधी आणि हक्क मागाहून, हा क्रम संविधानाचा नाही. तो आपण शाळेत लावला.

शिवाय ती यादी पुन्हा वाचा. त्यात राष्ट्रध्वजाचा आदर आहे तशी शोधकबुद्धी आणि सुधारणेची वृत्तीही आहे. पर्यावरणाचं रक्षण आहे. उघड्या गटाराबद्दल विचारणारी मुलगी त्यातली दोन कर्तव्यं पार पाडते आहे.

शाळेतल्या मुलांच्या बाबतीत मला केरळचा खटला नेहमी आठवतो. १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण ती राष्ट्रगीत गात नव्हती. यहोवाज विटनेसेस पंथातली ही मुलं गीत चालू असताना अदबीने उभी राहायची, फक्त ओठ हलवायची नाहीत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. निकाल न्या. चिनप्पा रेड्डींनी लिहिला. उभं राहणं हाच आदर आहे, गायलाच हवं असा कायदा नाही, असं त्यांनी म्हटलं. आपल्या पोरांना मी हे सांगते तेव्हा वर्गात दोन तट पडतात, आणि ते पडावेत असंच मला वाटतं. चांगला नागरिक सगळ्यांसारखा दिसतोच असं नाही.

घंटा_साडेदहा

वकीलबाई, १९७६ चा मुद्दा मला माहीत होता, पण असा जोडून पाहिला नव्हता. मान्य. क्रमाबद्दलही विचार करतो. फरशीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

नेकारकाठ

मी बारा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला आहे. थोरली नववीत. बाईंचा मजकूर तिला वाचून दाखवला, तर तिचा पहिला प्रश्न होता, "मग नगरसेवकाला वर्गात का नाही बोलावलं?"

तिला गेमाइनशाफ्ट्सकुंडं नावाचा विषय आहे. आपलं नागरिकशास्त्रच म्हणा. पहिल्या पालकसभेत शिक्षकांनी आम्हाला बॉयटेल्सबाखबद्दल सांगितलं. हे गाव इथून ट्रेनने अर्ध्या तासावर आहे. सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत राजकीय शिक्षणावरून डावे आणि उजवे शिक्षणतज्ज्ञ हातघाईवर आले होते. एक म्हणे मुलांना व्यवस्थेविरुद्ध उभं करा, दुसरा म्हणे व्यवस्था टिकवणारे घडवा. नाझी राजवटीत शाळांनी काय केलं होतं ते दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं. १९७६ साली त्या गावात एक परिषद भरली आणि तिच्यातून तीन गोष्टी निघाल्या, ज्या दोन्ही बाजूंना पटल्या.

पहिली, शिक्षकाने आपलं मत मुलावर लादायचं नाही. मत चांगलं असलं तरी नाही. दुसरी, जे समाजात आणि शास्त्रात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. तिसरी, मुलाला स्वतःचं हित ओळखता यावं आणि त्यासाठी परिस्थितीवर परिणाम कसा घडवायचा हे शोधता यावं.

हे कायदा म्हणून आलं नाही, पण इथला प्रत्येक शिक्षक हे जाणतो. मुलीच्या वर्गात श्टुटगार्टच्या नव्या रेल्वे स्टेशनाचा वाद घेतला होता. २०१० साली त्यावरून पोलिसांनी निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारले होते, माणसं जखमी झाली. पुढच्या वर्षी राज्यात सार्वमत झालं आणि बहुमत प्रकल्पाच्या बाजूने गेलं. अर्ध्या वर्गाला विरोधाची बाजू दिली, अर्ध्याला समर्थनाची, आठवड्याने बाजू बदलल्या. शिक्षकांचं स्वतःचं मत काय, हे मुलीला अजून माहीत नाही.

बाईंच्या वर्गाला मी पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत पैकीच्या पैकी देईन. दुसरी राहिली असं वाटतं. नगरपरिषदेकडे पैसे नसतील, गटाराची जागा दुसऱ्याच खात्याची असेल. ती बाजूही मुलांपुढे यायला हवी होती.

मुक्काम_पोस्ट

दादा, जर्मनीत शिक्षकाच्या मागे कायदा आणि पगार दोन्ही उभे आहेत. इथे बाईंना खुलासा लिहावा लागतोय. वादग्रस्त विषय वर्गात मांडा म्हणणं सोपं आहे. मांडला की दुसऱ्या दिवशी त्याची क्लिप फिरते.

नेकारकाठ

खरंय. इथल्या शिक्षकांवरही तक्रारी होतात, तेव्हा ते याच तीन वाक्यांचा आधार घेतात. आपल्याकडे असा सगळ्यांनी मान्य केलेला आधार नाही, हीच खंत आहे.

दोन_पोरांचा_बाप

मी पालक म्हणून बोलतो, राग धरू नका. माझ्या मुलाची सही कुठल्याही सरकारी कागदावर जाणार असेल तर मला आधी कळायला हवं. प्रश्न गटाराचा नाही. छोट्या गावात सही ही गोष्ट लक्षात ठेवली जाते. ज्याचं दुकान नगरपरिषदेच्या गाळ्यात आहे त्याच्या पोराने सही केली तर पुढच्या करारात त्याला विचारणा होते. बाईंना हे ठाऊक असणार. मग चिठ्ठी का नाही पाठवली?

खडूफळा

चिठ्ठी पाठवायला हवी होती. हे माझं चुकलं आणि मी ते खुलाशात लिहिणार आहे. आलेल्या दोन पालकांपैकी एकांची अडचण तुम्ही लिहिलीत अगदी तीच होती. मुलांच्या उत्साहात मी ते विसरले.

वॉर्ड_दोनची_सदस्य

मला नागरिकशास्त्रात कायम पहिला नंबर असायचा. ग्रामपंचायतीत निवडून आले आणि ग्रामसभेत तोंड उघडायला मला दोन वर्षं लागली.

पुस्तकात लिहिलंय की ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा, तिथे अंदाजपत्रकावर चर्चा होते, लाभार्थी निवडले जातात. प्रत्यक्षात गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही, मग आठ-दहा माणसांत सगळे ठराव होतात. राहिलेल्या सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरतं. माझ्या सासूबाईंनी कित्येक वर्षं सह्या केल्या, कुठल्या ठरावावर ते त्यांना आजही सांगता येणार नाही. त्याही चांगल्या नागरिकच होत्या. नियम मोडला नाही, कधी कर थकवला नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. आमच्याकडे ती कागदावर व्हायची. मी पहिल्यांदा ती खरोखर घ्यायला लावली तेव्हा अकरा बायका आल्या आणि पाऊण तास कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "दारूच्या दुकानाचं इथे बोलायचं का?" त्यापुढे दोन तास सभा चालली.

वर सरांनी फरशीचं लिहिलं. सर, त्या फरशीचे दगड उचलणाऱ्यांत मुली होत्या का? मी भांडायला विचारत नाही. श्रमदानात आम्ही असायचोच, गावचं सगळं श्रमदान बायकाच करतात. फरशी कुठे बांधायची हे ठरवताना आम्ही नसायचो. बाईंच्या वर्गातली ती मुलगी टेबलासमोर उभी राहून "तरी पत्र लागतं का" असं विचारू शकली. ते मला पस्तिसाव्या वर्षी जमलं.

घंटा_साडेदहा

मुली होत्या. पाणी आणि पाट्या त्यांच्याकडे होत्या. जागा मी आणि सरपंचांनी ठरवली. तुमचा प्रश्न मला झोपताना आठवेल, ताई.

सावित्रीकाठ

मी मूळचा महाडचा. अर्ज की श्रमदान असं चाललंय, म्हणून आमच्या गावाची गोष्ट सांगतो.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तेव्हा सुरेंद्रनाथ टिपणीस नगरपालिकेत होते, चांगला माणूस. सगळं कागदावर व्यवस्थित. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाने त्या तळ्याचं पाणी घेतलं नाही, कारण घेऊ दिलं जाणार नाही हे प्रत्येकाला माहीत होतं.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्यायली. त्यांनी कायदा मोडला नाही. झालेला ठराव पाळला, बस्स. त्याबद्दल परतताना त्यांना मार खावा लागला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल १९३७ साली लागला, आमच्या लोकांच्या बाजूने. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं.

माझे पणजोबा त्या रांगेत होते. त्या दिवशी महाडच्या सभ्य वस्तीला चांगला नागरिक कोण वाटला असेल? जो शांतपणे आपापल्या विहिरीवर गेला तो. म्हणून "तक्रारखोर" हा शब्द ऐकला की माझ्या पोटात कालवतं. आमच्या घरात नागरिक हा शब्द तळ्यापासून सुरू होतो, पुस्तकापासून नाही.

आणि सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो. गाव साफ करायचं काम आमच्या वस्तीने पिढ्यान् पिढ्या केलं. खराटा हातात घेतल्याने कुणी आम्हाला नागरिक म्हटलं नव्हतं.

घंटा_साडेदहा

याला माझ्याकडे उत्तर नाही. गाडगेबाबांचं नाव मी सहज घेतलं. ते खराट्याबरोबर कीर्तनात लोकांना सरळ प्रश्न विचारायचे, हे मी विसरून बोललो.

वैनगंगा

मी गडचिरोलीत काम करते. मेंढा (लेखा) या इथल्या गोंड आदिवासी गावाचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क, मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, सुमारे १,८०० हेक्टर जंगल. पुढे २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना द्यायचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

बाहेरून येणाऱ्याला घोषणा दिसते. मला तिथला अभ्यासगट जास्त मोलाचा वाटतो. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावासोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबद्दल बोलताना लोक तो विसरतात. अभ्यासगटात एखाद्या विषयावर माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणत्या माणसाला बोलावायचं, कायदा वाचायचा, हवं तितकं बोलायचं. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जण अडला तर विषय पुढे ढकलतात.

वर नेकारकाठ यांनी दुसरी बाजू वर्गात यायला हवी म्हटलं, ते गोंडी माणसांनी आपल्या पद्धतीने केव्हाच केलंय. जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. शिकणं आणि ठरवणं वेगळं ठेवायचं, पण दोन्ही त्याच माणसांनी करायचं. आपल्या शाळेत मुलं फक्त शिकतात, ठरवत काहीच नाहीत. सहलीला कुठे जायचं हेसुद्धा नाही.

बाईंना एक सुचवते. अर्ज झाला, आता अभ्यासगट करा. गटार कुणाचं, खर्च किती, मागच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात काय होतं.

दोन_पोरांचा_बाप

असा अभ्यासगट असेल तर माझी हरकत नाही. मी स्वतः येऊन बसेन. बांधकामाचा माल विकतो, फरशीचा खर्च मला काढता येतो.

घंटा_साडेदहा

खडूफळा बाई, खुलासा मी असा लिहिला असता, बघा उपयोग होतो का. पहिल्या परिच्छेदात धड्याचं नाव आणि पान क्रमांक. दुसऱ्यात, पाठाचा भाग म्हणून अर्जलेखनाचा सराव घेतला, नियोजन वहीत तशी नोंद आहे. (नोंद असली तरच लिहा. नसेल तर खोटी घालू नका.) तिसऱ्यात, पालकांना पूर्वकल्पना दिली नाही ही चूक मान्य, पुढे संमतिपत्र घेईन. माफी फक्त त्या एका गोष्टीची मागा, अर्जाची नाही. मी मुख्याध्यापक असताना असा खुलासा आला असता तर फाइल बंद केली असती.

माझं मत तेच आहे, गटार झाकायला मुलांनीही हात लावावा. पण कुठे फरशी टाकायची ते त्यांनी ठरवावं, हे यात जोडतो.

खडूफळा

उशिरा लिहितेय, परीक्षा होत्या.

खुलासा दिला, सरांनी सांगितला तसाच. नियोजन वहीत नोंद होती. मुख्याध्यापकांनी वाचून ठेवून घेतला, पुढे काही बोलले नाहीत. नगरसेवक शाळेत आले नाहीत. मुलांनी त्यांना बोलावणारं पत्र लिहिलंय, या वेळी मुख्याध्यापकांच्या सहीने जाईल. संमतिपत्रं २७ पैकी २१ आली. सहा जणांच्या घरून नकार आहे. ती सहा मुलं अभ्यासगटात बसतात, सही करत नाहीत, आणि वर्गाने हे काही न बोलता मान्य केलं.

काल नगरपरिषदेचं उत्तर आलं. जावक क्रमांक, तारीख, आणि पत्त्यात "इयत्ता सहावी" असं टाइप केलेलं. पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद प्रस्तावित करण्यात येईल, असा मजकूर. मी वाचून दाखवल्यावर अर्ध्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. कंपासपेटीवालीने विचारलं, "प्रस्तावित म्हणजे होणार का?" मी म्हटलं, नाही, म्हणजे मांडणार. "मग ते मांडतात तेव्हा बघायला जाता येतं का?"

आज तासाला फळ्यावर दुसरा अर्ज मांडायला घेतला. विषयाच्या ओळीवरच अडलंय. एक गट म्हणतो "गटार झाकून मिळणेबाबत". दुसरा म्हणतो "अंदाजपत्रक पाहावयास मिळणेबाबत". तिसऱ्या गटाला सरांची फरशी आवडली आहे, त्यांना "फरशी बसवण्यास परवानगी मिळणेबाबत" हवंय. उद्या पुन्हा बसणार आहोत.